माझा बेस, तिचे हात

३ तारीख, सोमवार

आधीच सांगते, शुद्धलेखन चुकणार. ऱ्हस्व-दीर्घ मला शाळेत असतानाही जमलं नाही आणि आता तर शाळा सुटूनही बरेच दिवस झाले. टायपिंग एका बोटानं चाललंय. एक शब्द पुरा होईपर्यंत पुढचा डोक्यातून जातो. तर माफ करा. कुणाला म्हणतेय कुणास ठाऊक, हे कुणी वाचणारच नाहीये. पण माफी मागून टाकली की मला मोकळं वाटतं.

दादानं त्याचा जुना लॅपटॉप दिला. म्हणाला, तू बोलत तर नाहीसच, निदान लिही, नाहीतर एक दिवस कुकरसारखी शिट्टी मारशील. तो मला मुकी म्हणतो. मी मुकी नाही. लोक बघत असले की माझा आवाज घशात बसतो, एवढंच. शाळेत उभं राहून धडा वाचायला लावायचे, मी नुसती उभी, आणि मागून खिखी. एक दिवस गेले नाही. दुसऱ्या दिवशी पण नाही. मग कधीच नाही. आईबाबा आधी ओरडले, मग दमले.

बाबांचं सोफे आणि गाद्या मढवायचं दुकान आहे. खाली दुकान, मागे गोदाम, वर आम्ही. मी मशीनवर कव्हरं शिवते. मशीन उलट विचारत नाही, ते मला आवडतं.

आणि आता माझ्याकडे बेस आहे. हे लिहायलाच बसले होते.

एका वाद्यांच्या दुकानदाराची स्टुलं मी नव्या रेक्झिननं मढवून दिली, त्याच्या बदल्यात त्यानं तो दिला. मान वाकलेली म्हणून कोपऱ्यात पडून होता. बेस म्हणजे चार जाड तारांची गिटार. गाण्यात तो वेगळा ऐकू येत नाही, पण थांबला की गाणं पोकळ होतं. माझ्यासारख्या माणसासाठीच काढलाय. हा जुन्या धाटणीचा आहे, म्हणजे आहे नवाच, पण जुन्यासारखा केलेला. मधे मधासारखा पिवळा, कडेला काळपट लाल, आणि हात टेकतो तिथला रंग कारखान्यातच मुद्दाम घासून काढलेला. बाबांनी उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, "म्हणजे हे नव्याचं जुनं करून विकतात आणि आपण जुन्याचं नवं करून देतो. आणि दुकान दोघांचंही चालतं."

माझं स्वतःचं असं पहिलंच काहीतरी. लॅपटॉप दादाचा, मशीन बाबांचं, कपडे मामेबहिणीचे. बेस माझा.

५ तारीख, बुधवार

मान सरळ झाली. मानेच्या आत लोखंडी सळई असते, ती आवळली की मान मागे येते, सैल केली की पुढे झुकते. नव्या गिटारींना स्क्रू वरच्या टोकाला असतो, पटकन पोचतो. माझा जुन्या धाटणीचा ना, म्हणून स्क्रू मानेच्या बुडाशी, धडाच्या आत दडलेला. म्हणजे तारा सैल करा, मान खोलून काढा, सळई जराशी फिरवा, मान परत बसवा, तारा लावा, आणि मग बघा. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. लोक याला कंटाळतात. मला हा भाग सगळ्यात आवडला. लाकूड लगेच ऐकत नाही, एक रात्र तरी द्यावी लागते. आणि हिसकलं तर रुसतं.

तारा बदलल्या, चपट्या पट्टीनं गुंडाळलेल्या गुळगुळीत घातल्या, बोट सरकलं तरी चर्र होत नाही. ब्रिजजवळ, म्हणजे तारा बुडाशी जिथं टेकतात तिथं, त्यांच्या खाली सोफ्याच्या फोमची पट्टी कापून बसवली. आता आवाज कसा येतो, तर जाड गादीवर मूठ मारल्यासारखा. तारा इतक्या खाली घेतल्यात की बोट नुसतं टेकवलं तरी सूर दाबला जातो. माझी बोटं आखूड आहेत, मला असंच पाहिजे.

दादा ड्रम वाजवतो. त्याचा मित्र गिटार वाजवतो आणि गातो, त्याला आम्ही मास्तर म्हणतो, कारण तो गाडी शिकवतो आणि गाणं सांगताना पण "हळू, आता वळण" असं बोलतो. गोदामात कुशनांच्या थप्प्यांमधे प्रॅक्टिस चालते. मी भिंतीकडे तोंड करून वाजवते. मास्तर म्हणाला, भिंत नशीबवान आहे.

महिनाअखेरीला चौकातल्या हॉलमधे आपल्याला पाच गाणी वाजवायला मिळालीत, असं दादा आज म्हणाला. सगळी खुर्च्यांवर बसलेली माणसं. मी हसले, म्हणजे तोंड तसं केलं. मग वर आले आणि ओकले. आईला सांगितलं, पोट बिघडलंय.

८ तारीख, शनिवार

आज दादानं एका मुलीला आणलं.

ती उंच आहे. उंच म्हणजे गोदामाच्या दारातून वाकून आली. मी मनात तिचं नाव लांबडी ठेवलं, आणि आता खरं नाव विचारायची वेळ निघून गेली. बेकरीत काम करते. हातावर पिठाचा पांढरा थर, जणू मोजे घातलेत. दादानं ओळख करून दिली तेव्हा ती माझ्याकडे बघून हसली. दात पण चांगलेत. वैताग.

ती बेस वाजवते म्हणे. माझ्या बेसकडे बघून म्हणाली, "घेऊ का गं जरा?" मला नको म्हणायचं होतं. ते घशापर्यंत आलं पण. तेवढ्यात मान हलली, कशी हलली देव जाणे, आणि सगळ्यांनी ते हो धरलं.

तिनं पट्टा सोडून लांब केला. मी दोरा घालून त्याची जागा पक्की केली होती, तो दोरा तिनं नखानं तोडला. मग वाजवलं. खोटं कशाला लिहू, चांगलं वाजवलं. माझ्याहून चांगलं. मास्तर मधेच गायचं विसरला. तो एरवी आरसा बघितल्याशिवाय थांबत नाही.

तिनं विचारलं, हा सेट कुणी केलाय. दादा म्हणाला, हिनं. ती म्हणाली, "सगळा?" मी फोमच्या पट्टीकडे बघत बसले. मस्का लावत होती, कळतं मला.

ती गेल्यावर बेस पुसायला घेतला. पिकअपच्या, म्हणजे तारांखालच्या चुंबकाच्या, फटीत पीठ. स्क्रूच्या खाचेत पीठ. दात घासायचा ब्रश आणून काढलं.

९ तारीख, रविवार

कालपासून डोक्यातून जात नाहीये. दादा तिच्याशी कसा बोलतो. माझ्याशी बोलताना अर्धं लक्ष मोबाईलमधे, तिच्याशी बोलताना हात हलवून हलवून. तिला चहा दिला तो माझ्या कपात. मी म्हणाले नाही काही. माझ्या नावाचा कप नाहीये, पण सगळ्यांना माहितीये तो माझा आहे.

आईला विचारलं, दादाचं आणि तिचं काही आहे का. आई म्हणाली, असतं तर त्यानं आंघोळ केली असती.

पण बेस हातात घेतला तर पट्टा लांबच होता. तिच्या मापाचा. बेस माझ्या गुडघ्यापाशी लोंबत होता. मी तो परत आखडला आणि यावेळी दुहेरी दोरा घातला.

१२ तारीख, बुधवार

ती परत आली. येताना कालचे पाव घेऊन आली, बाबा खूश. बाबांचं काय, त्यांना कुणी पाव दिला की तो माणूस चांगला.

प्रॅक्टिसनंतर दादा जिन्यात थांबला. म्हणाला, "खरं सांग, हॉलमधे समोर उभी राहशील?" मला वाटलं, हा मला बाजूला काढायला बघतोय. म्हणून मी जोरात मान हलवली, हो. तो म्हणाला, बरं, तुला पाहिजे तर तूच, पण ती पण येत राहील, असू दे. असू दे म्हणे. स्टेपनी काय लागते कायम. पण स्टेपनी कोण आणि चाक कोण, हे मला कळतंय.

रात्रीच्या जेवणाला बसवेना. आई दादाला स्वयंपाकघरात हळूच विचारत होती, आजपण ओकली का. माझ्यावर पाळत ठेवतात दोघं.

१५ तारीख, शनिवार

मी आज एक गोष्ट केली. ती इथंच लिहिते, दुसरीकडे कुठे सांगणार.

सकाळी ॲलन की, म्हणजे ती षटकोनी किल्ली, घेतली आणि ब्रिजवरचे चारही स्क्रू फिरवून तारा उंच केल्या. आधी तारेखालून काडेपेटीची काडी मुश्किलीनं जायची, आता पेन्सिल जाईल. मुद्दाम. दाबून दाबून तिची बोटं सोलली की आपोआप म्हणेल, हा बेस काही चांगला नाही, मी नाही येत. बेस माझा आहे, मी तारा आढ्याला टांगेन.

तारा उंच केल्या की वरचे सूर चढे लागतात, मग प्रत्येक तारेची लांबी परत जुळवावी लागते. ती पण बसून जुळवली. तशीच बेसूर सोडून दिली असती तर काम सोपं झालं असतं, पण ते मला बघवेना. वाईट करायचं तरी नीट करावं.

संध्याकाळी ती आली. पहिला सूर दाबला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. मला आत गुदगुल्या झाल्या. तिनं माझ्याकडे बघितलं, मी मशीनचा दोरा ओवत होते. मग तिनं पाय जरा फाकवून उभं राहून दोन बोटांनी तार ओढली. ओढली म्हणजे कणकेचा गोळा तोडावा तशी.

आणि काय सांगू.

असा आवाज या बेसमधून कधी निघालाच नव्हता. गोल, जाड, लांबपर्यंत जाणारा. थप्पीवरचं वरचं कुशन घसरून खाली आलं. मी तारा खाली घेतल्या होत्या ना, तर जोरात वाजवलं की त्या मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर आपटून खडखडायच्या. मी हळू वाजवते म्हणून मला ते कळलंच नव्हतं. आता तारेला हलायला जागा मिळाली.

मास्तर गिटार खाली ठेवून म्हणाला, "काय केलंस तू याला?" लांबडी बोटं झटकत म्हणाली, "हिला कळलं. माझा हात जड आहे ते हिला बरोबर कळलं." आणि दादा माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणाला, "मुकी, ग्रेट आहेस."

मी तिथंच मेले.

१६ तारीख, रविवार

दुपारी सगळे झोपल्यावर गोदामात जाऊन वाजवायला बसले. एक गाणं पुरं होईना. करंगळी दाबतच नाही. मनगट दुखतं. माझाच बेस मला दारात उभं करत नाहीये.

मग तारा परत खाली घेतल्या, पहिल्यासारख्या. वाजवलं. बोटांना मऊ, पण आवाज कसा, पत्र्याच्या डब्यात चमचा. कालचा आवाज ऐकलेला नसता तर मला हाच आवडला असता. आता कानाला काय करू. परत वर केल्या. परत खाली. परत वर. आई खाली आली आणि म्हणाली, बाई, त्या बिचाऱ्याला एकदा ठरवून तरी सांग.

वर ठेवल्या. पण तिच्यासाठी नाही. बेससाठी.

१८ तारीख, मंगळवार

बेस वर घरी आणून ठेवला. दादाला सांगितलं, सेटिंग चालू आहे, कुणी हात लावायचा नाही. आणि खोटं ठरू नये म्हणून खरंच खोललं. मान काढली, सळई आणखी थोडी आवळली. तशी गरज नव्हती. हात शिवशिवत होते.

मान परत बसवतच होते आणि लांबडी वर आली. आईनं सरळ माझ्या खोलीत पाठवली. आईला अक्कल नाही.

ती पलंगाच्या कडेला बसली, गुडघे हनुवटीपर्यंत आले. खूप वेळ नुसती माझे हात बघत होती. मग आपणहून बोलायला लागली. तिच्याकडे स्वतःचं वाद्य कधीच नव्हतं. कुणाकुणाचं मागून वाजवलं. कुणाच्या तारा गंजलेल्या, कुणाची मान वाकडी, आपण काय बोलणार, मिळालाय तसा वाजवायचा. "कुणी माझ्या हाताचा विचार करून काही लावलंय, असं पहिल्यांदा झालं," म्हणाली. मी खाली बघून स्क्रू पिळत होते. कान तापले होते. लाजेनं नाही, रागानं. बहुतेक.

मग म्हणाली, तुझं बरंय, घरात सगळे तुला विचारतात, बाबा तुला कारागीर म्हणतात. आमच्याकडे मला कुणी हाक पण मारत नाही, नुसतं ए म्हणतात. मला कळेना यात बरं काय आहे. आमच्या घराला चोवीस तास रेक्झिनचा वास येतो.

जाताना दारात थांबली. "तुझ्या दादानं मला आधीच सांगितलं होतं. बहिणीला लोकांसमोर उभं राहायला त्रास होतो, ती सांगणार नाही, पण होतो. ऐनवेळी तिचं काही झालं तर तू असावीस, म्हणाला. मी काही तुझी जागा घ्यायला आले नाही गं."

म्हणजे हा तिच्याजवळ माझ्याबद्दल बोलतो. माझ्या पाठीमागे. माझं ओकणं पण सांगितलं असेल. घरातलं घरात राहत नाही आता. दोघं बसून माझी कीव करतात, आणि पाव खातात.

दादाशी बोलणं बंद. तसं त्याला पटकन कळणार नाही.

२२ तारीख, शनिवार

दादाला कळलं. मला हसवायला त्यानं ड्रमच्या काठ्या नाकपुड्यांना लावून दाखवल्या. मी हसले नाही. नंतर बाथरूममधे हसले.

आज पाचही गाणी मीच वाजवली, उंच तारांवर. दोन बोटांना फोड आलेत. तिसऱ्या गाण्यात मास्तर म्हणाला, आज जरा इकडे तोंड करून बघ, हॉलची सवय होईल. मी वळले. समोर फक्त तिघं. दादा, मास्तर, आणि कुशनांवर पाय पसरून ती. तिघं, तेही ओळखीचे. तरी सूर सुटायला लागले. लांबडी उठून बाहेर गेली, म्हणाली, पाणी पिऊन येते. ती बाहेर गेल्यावर जरा बरं वाजलं.

तिला तहान लागायला पण बरोबर वेळ सापडते.

२७ तारीख, गुरुवार

आज शेवटची मोठी प्रॅक्टिस. सकाळपासून माझ्या पोटात काही टिकेना. दादानं बेस उचलून तिच्या गळ्यात घातला. मी कुशनांवर बसले.  

पहिल्याच गाण्यात खर्र झालं. मानेच्या वरच्या टोकाकडचे सूर, जिथं सगळं गाणं बसलंय, तिथं तार नुसती खरखरत होती. काचेवर वाळू घासल्यासारखी. तिनं जोर लावला, अजून वाईट. हळू वाजवलं, तरी तेच. मास्तर म्हणाला, स्वस्तातला आहे शेवटी, मानच वाकडी होती ना याची, कुणाकडून तरी दुसरा मागून आणू.

लांबडी माझ्याकडे बघत होती. तिला नव्हतं कळलं काय झालंय. मला कळलं होतं. गेल्या आठवड्यात मी सळई उगाच आवळली, तशी मान हळूहळू मागे गेली, आणि आता वरच्या पट्ट्या तारेला लागायला लागल्यात. माझ्याच हातानं झालंय. गप्प बसले तर दुसरा बेस येईल, ती तो वाजवेल, किंवा तिला जमणारच नाही. काही झालं तरी माझा बेस तिच्या गळ्यात दिसणार नाही. मला पाहिजे होतं तेच.

मी गप्प बसले.

पण स्वस्तातला म्हणाला. मान वाकडी म्हणाला. मी ती मान सरळ केली होती. ती मान सरळ आहे. माझ्या बेसला तो असं म्हणाला आणि मी कुशनाची शिवण उसवत बसले.

२८ तारीख, शुक्रवार

झोप लागली नाही. सारखं ते खर्र ऐकू येत होतं. ती वाजवते हे मला सहन होत नाही. पण माझा बेस वाईट वाजला, हे त्याहून सहन होत नाही. हे लिहून बघितलं तर वेड्यासारखं दिसतंय, पण असंच आहे.

बेस पाठीवर घेतला, हत्यारं पिशवीत घातली आणि बेकरीत गेले. चालत. एकटी.

दुकानात गर्दी होती. मी रांगेत उभी राहिले, बेससकट. माझा नंबर आला तर गल्ल्यावरचे काका म्हणाले, काय पाहिजे. आणि तेव्हा आठवलं, मला तिचं नावच माहीत नाही. मागे बायका पिशव्या घेऊन उभ्या.  काका म्हणाले, बोल की बाळ, पाव की बिस्किट. मी म्हणाले, "लांब." म्हणजे ते तोंडातून निघून गेलं. काका म्हणाले, लांब पाव संपले. मागची बाई हसली. मग मी दोन्ही हातांनी उंची दाखवली, खूप उंच, आणि पाठीवरच्या बेसकडे बोट केलं, आणि म्हणाले, ती. वाजवते ती. काका आत तोंड करून ओरडले, "ए, तुझ्याकडे कुणीतरी आलंय." खरंच तिला ए म्हणतात.

ती पिठात माखलेली बाहेर आली आणि मला बघून तिचं तोंड उघडंच राहिलं.

मागच्या खोलीत पोत्यांवर बेस आडवा ठेवला. तारा सैल करून सुतळीनं बांधल्या, चार स्क्रू काढले, मान सोडवली आणि तिच्या हातात दिली. दुसरीकडे ठेवायला जागाच नव्हती, सगळीकडे पीठ. तिनं ती तान्ह्या बाळासारखी दोन्ही हातांवर धरली. मी सळई सैल केली, अगदी जराशी. मान बसवली, सूर लावले. ती म्हणाली, इथं स्पीकर नाहीये, ऐकणार कसं. मी म्हणाले, तू वाजव. आणि मी कान बेसच्या लाकडाला लावला. धडाला कान टेकला की विजेशिवाय पण सगळं ऐकू येतं. ती वाजवत होती आणि मी तिच्या पोटापाशी वाकून उभी. तिच्या ॲप्रनला यीस्टचा वास. अजून खर्र होतं. परत सगळं खोललं. पुन्हा तेच सगळं. तिला भट्टीवरून हाका येत होत्या, ती "आले आले" म्हणायची आणि हलायची नाही.

तिसऱ्यांदा स्वच्छ आला.

तारा पण तिच्या हाताला बघून केसभर खाली घेतल्या. तिला वाजवताना बघितलं नसतं तर ते मला कळलं नसतं. मग मी कालपर्यंतचं सगळं सांगितलं. तारा उंच का केल्या होत्या ते पण. एका दमात, खाली बघून. आता येणार नाही म्हणेल, असं वाटलं. तिनं हातावरचं पीठ ॲप्रनला पुसलं. मग म्हणाली, "मला वाटलं होतं तू माझ्यासाठी केलंस." एवढंच. आणि भट्टीवर गेली.

मी तिथं पोत्यांमधे उभीच. मग बाहेर आली आणि म्हणाली, "उद्या किती वाजता येऊ?"

घरी येऊन तिच्या मापाचा पट्टा शिवला. रुंद, आत फोम घालून, दोन ओळी शिलाई. तिनं परत माझा पट्टा ओढून लांब करायला नको, म्हणून.

दादाला सांगितलं, ती वाजवेल, मी बघते. त्यानं मला घट्ट धरलं, आणि आईचं बरोबर होतं, त्यानं खरंच आंघोळ केली नव्हती.

३० तारीख, रविवार

काल झालं. लिहायला आज बसले.

सकाळी मान परत तपासली, रात्रीत हलली नव्हती. संध्याकाळी हॉलमधे मी सगळ्यात मागे, दाराजवळच्या खुर्चीवर. बाबा मधल्या रांगेत खुर्च्यांची कुशनं दाबून बघत होते. लांबडी स्टेजवर आली. माझा बेस तिच्या गळ्यात, दिव्याखाली तो मधासारखा पिवळा भाग चमकत होता. तिला तो शोभत होता. माझ्यापेक्षा शोभत होता. ते बघून उठून जावंसं वाटलं.

मग पहिला सूर आला.

मी माझा बेस कधी समोरून ऐकलाच नव्हता. वाजवणाऱ्याला तो नीट ऐकू येत नाही, हे मला माहीतच नव्हतं. जाड सूर लांब जाऊन उघडतात. खुर्चीतून वर आला तो, पायातून, बरगड्यातून. पुढच्या रांगेतलं एक पोरगं खुर्चीवर हात ठेवून बघत होतं, ती का थरथरतेय. आणि मला कुणाकुणाचा हेवा वाटला, तिचा तर वाटलाच, पण त्या सगळ्या लोकांचा पण. त्यांना काय माहीत मान किती वेळा खोलली. आयतं ऐकत बसलेत.

चौथ्या गाण्याला माझ्या पुढचा माणूस शेजारच्याला म्हणाला, बेस काय बोलतोय रे, कुठला आहे तो, जुना असणार. शेजारचा म्हणाला, तिचाच असेल, खानदानी दिसतोय.

मी पुढे वाकले. त्यांच्या खांद्यामधे तोंड नेलं. म्हणाले, "माझा आहे."

दोघांनी वळून बघितलं. मी परत म्हणाले. "बेस माझा आहे. सेट मी केलाय. ती वाजवते." सगळं नीट बाहेर आलं. मोठ्यानंच आलं बहुतेक, कारण आजूबाजूची पण चार माणसं वळली. त्यातला एक म्हणाला, माझ्याकडे एक पडून आहे, मान वाकलेला, बघशील का. मी म्हणाले, आणा. गोदामात आणा. आणि मग खूप घाम आला. ओकले मात्र नाही.

संपल्यावर ती घामानं निथळत मागे आली आणि बेस माझ्या हातात दिला. स्वच्छ पुसलेला. म्हणाली, बुधवारी प्रॅक्टिसला वाजवू का. मी तिला लगेच उत्तर दिलं नाही. जरा वाट बघू दे. मग म्हणाले, वाजव, पण घरी न्यायचा नाही. आणि नाव विचारलं. तिनं सांगितलं. इथं नाही लिहीत, ते माझ्याजवळ राहू दे, सगळंच काय वाटून टाकायचं.

आज सकाळी माझ्या मापाचा पट्टा परत लावून एक गाणं वाजवलं, भिंतीकडे तोंड करून. तिच्याइतकं नाही आलं. अजून जळतं. कमी झालंय असं लिहिलं असतं, पण झालेलं नाही. फक्त ती वाजवत असताना आता मी स्क्रूकडे पण बघते.

थांबा, आई खालून ओरडतेय. शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी फुटली, जिन्यावरून धबधबा चाललाय आणि खालच्या मजल्यावरची आजी कपाटावर चढून बसलीय. दादा बादल्या घेऊन पळाला. मी पण जाते.